फेट्यातला माईक

माझ्या धंद्यात चांगलं काम कशाला म्हणायचं, तर टीव्ही बघणाऱ्याचा हात रिमोटकडं जात नाही त्याला. तुम्ही घरात बसलाय, पडद्यावर बाई हळू बोलतीय, मग वाद्यं वाजतायत, मग जाहिरात येतीय, आणि एवढ्या वेळात तुम्हाला आवाज ना कमी करावासा वाटला ना वाढवावासा, तर समजा की कुठंतरी एक माणूस चार दिवस बंद खोलीत बसून घामाघूम झालाय. तो माणूस मी. कार्यक्रमाच्या शेवटी माझं नाव येतं, पण ते इतक्या जोरात पळतं की माझ्या बायकोला अजून एकदाही वाचता आलेलं नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत, उत्रोलीची. लिहिताना हात चाचरतो. संपादकांना सांगून ठेवलंय, ऱ्हस्वदीर्घ तुम्ही बघा, पण माझं वाक्य बदलायचं नाही. ते हो म्हणाले. बदललं असेल तर मला कळेल.

हुन्नर शिकलो ते भोरात, बाबूभाईंच्या लाऊडस्पीकरच्या दुकानात. बाबूभाईंचे कर्णे आल्याशिवाय त्या काळी आमच्याकडं ना लग्न लागायचं ना सप्ता बसायचा. कर्णे बांधून झाले की बाबूभाई मला हाकलायचे. "जा, शेवटच्या माणसाजवळ जाऊन उभा रहा. पुढं बसलेल्याला काय, बोलणाऱ्याचा घसासुद्धा ऐकू येतो. शेवटच्याला गेलं का, तेवढं येऊन सांग." मी गर्दीच्या मागं, जनावरं बांधलेली असायची तिथं जाऊन उभा राहायचो. पुढं मोठाल्या मशिनी आल्या, कॉम्प्युटर आला, पण त्या एका वाक्यापलीकडं मला कुणी काही शिकवलेलं नाही.

कर्ण्याच्या दुकानातून टीव्हीच्या कामात कसा आलो ती लांबड आहे, आणि तिच्यात माझं कौतुक फार येतं, म्हणून सोडून देतो. शेवटची बरीच वर्षं माझं काम नसरापूरला होतं. हायवेपासून आत, एका गोडाऊनच्या मागं दोन खोल्या. भिंतींना जुन्या कापसाच्या गाद्या ठोकलेल्या. पुण्याचे कार्यक्रम करणारे लोक चित्र आणि आवाज पाठवायचे, मी आवाज जुळवून द्यायचो. ह्यालाच मिक्सिंग म्हणतात.

आता आकड्याचं सांगतो, कारण सगळी भानगड त्याच्यापायी झाली.

पूर्वी टीव्हीवर जो तो आपला आवाज दुसऱ्याच्या वर काढायचा. म्हातारी माणसं दचकायची, लेकरं झोपेतून उठायची. मग जाणत्या लोकांनी नियम बसवला की कार्यक्रम कुठलाही असो, पहिल्यापासून शेवटपर्यंतचा त्याचा सरासरी मोठेपणा एकाच आकड्यावर आला पाहिजे. आमच्या चॅनलचा आकडा होता उणे तेवीस. उणे कशाला? तर मशिनीत आवाजाची वरची हद्द म्हणजे शून्य, आणि आपण तिच्या किती खाली आहोत ते मोजायचं. विहिरीचं पाणी काठापासून किती हात खाली आहे ते बघतो, तसंच. आणि अख्ख्या कार्यक्रमात एकही टोला काठाला लागता कामा नये.

हे मोजायला मीटर असतो. तो एका टोल्यावर निकाल देत नाही, सगळा कार्यक्रम ऐकून मग सरासरी काढतो. मात्र अगदीच बारीक आवाज तो धरतच नाही. भात उपणताना फोल वाऱ्यावर जातं, तसा सोडून देतो. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

एक जाहिरातवाले शेट यायचे. फर्निचरचं दुकान. "आवाज असा पाहिजे, की शेजारच्या घरातला माणूस उठून आला पाहिजे." मी म्हटलं, नियम तेविसाचा आहे. "मग माझ्यासाठी तीस करा की! तुमचं काय जातंय?" केले. कागदावर तीस बघून खूश होऊन गेले. उणे तीस म्हणजे पाणी आणखी सात हात खाली, हे त्यांना जाहिरात लागली तेव्हा कळलं. भांडायला आले तेव्हा मी दाराला आतून कडी लावून बसलो होतो.

पण हसायचे दिवस थोडे. मी मीटरला मानत नव्हतो. माझे कान असताना काचेतल्या काट्यानं मला शिकवावं, हे मला पटत नव्हतं. मीटरवर मी कॅलेंडरचा कागद चिकटवून ठेवला होता. ते चालून जायचं, कारण शेवटचा आकडा पुण्याचा एडिटर बसवून द्यायचा. एका वर्षी चॅनलचा हुकूम आला की ज्यानं मिक्सिंग केलं त्यानंच आकडा बसवायचा आणि सही करायची. नेमकं त्याच वर्षी माझ्याकडं जत्रांची मालिका होती, आणि त्यात माझ्या बहिणीच्या गावची जत्रा होती.

गाव वेल्ह्याच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. नाव लिहीत नाही. बहीण हौसा माझ्या पाठची, तिथं दिलेली. तिचे मालक, म्हणजे माझे दाजी, त्या गावच्या देवाचे भगत. गाव त्यांना आबा म्हणतं. जत्रेच्या दिवशी दुपारी छबिना देवळात आला की ढोल, हलगी, शिंगं असं काही वाजतं की छातीचा पिंजरा हलतो. मग एका हाताच्या खुणेनं सगळं थांबतं. दाजी उघड्या अंगानं, फेटा बांधून देवापुढं बसलेले असतात. त्यांच्या अंगात येतं, आणि देव भाकणूक सांगतो. पाऊस कसा, भात कसं, रोगराई कुठल्या दिशेनं, सगळं वर्षाचं. देव मोठ्यानं बोलत नाही, पुटपुटतो. दाजी बोलले की शेजारी उभे असलेले पाटीलबुवा तेच वाक्य मोठ्यानं गावाला सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय.

गावाच्या वर देवाची राई आहे. दिवसासुद्धा आत ऊन पोचत नाही. तिच्यातली वाळकी काटकीही कुणी चुलीत घालत नाही. मीसुद्धा तिथं चपला घालून कधी गेलो नाही, आणि मी काही फार देवभोळा नाही.

घरचंच गाव म्हणून मी शूटिंगला स्वतः गेलो. दाजींचं पुटपुटणं पकडायचं तर माईक तोंडाजवळ पाहिजे. अंगात सदरा नाही, मग लावायचा कुठं? मी तो फेट्याच्या घडीत खोचला, उजव्या कानाच्या वर. डाव्या बाजूला फुलांचा तुरा होता, म्हणून उजवीकडं. एवढंच कारण. उजवीकडं दाजींचा मुलगा संपत चवरी ढाळत उभा असतो. दाजींचा डावा कान केव्हाच गेलेला. उजव्यानं अगदी जवळ तोंड नेलं तर थोडं ऐकू यायचं.

त्या वर्षीची भाकणूक ऐकून गाव हादरलं. पाटीलबुवांनी एकदा ऐकलं, पुन्हा वाकून ऐकलं, आणि मग कापऱ्या आवाजात सांगितलं, "देव म्हणतो, राईतनं रस्ता सोडा!" एक म्हातारी रडायला लागली. पण देवच बोलला, तर माणसानं काय म्हणायचं? अमावास्या झाली की जेसीबी लावायचा ठरलं. आमचा कार्यक्रम अमावास्येच्या आदल्या रविवारी दुपारी लागणार होता.

नसरापूरला येऊन मी मिक्सिंग केलं, कानानं. ढोल असे उठवले की खोलीतल्या गाद्या हलल्या. पाठवलं. दुसऱ्या दिवशी परत. चॅनलच्या तपासणीच्या मॅडमचा फोन.

"काका, आकडा उणे सतरा आलाय. किती मोठं आहे हे!"

"जत्रा हाय मॅडम. बारसं न्हाई."

"मान्य आहे. पण नियम जत्रेलाही आहे."

मी कॅलेंडरचा कागद फाडला आणि पहिल्यांदा त्या मीटरसमोर बसलो. रागारागानं सगळा कार्यक्रमच धरून खाली ओढला. आकडा बसला बरोब्बर तेविसावर. पाठवला. पुन्हा फोन.

"काका, आकडा बरोबर आहे. पण ती भाकणूक काहीच ऐकू येत नाही हो."

"आकडा बसलाय न्हवं?"

"बसलाय. पण कार्यक्रम तिच्यावरच आहे ना? माझी आई कोपऱ्यात बसून टीव्ही बघते. तिला काय कळणार?" मग म्हणाल्या, "आणि काका, तिसऱ्यांदा परत आलं तर मालिका दुसऱ्याकडं जाईल. माझ्या हातात नाही ते."

मालिका जाण्याची भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण जास्त लागलं ते आईचं. बाबूभाईंचा शेवटचा माणूस. तो मी विसरलो होतो.

गुरुवारी सकाळी बसलो. ढोल बेतात ठेवले आणि भाकणुकीचा तुकडा वेगळा काढून उचलायला लागलो, मशिनीच्या पट्टीवर एकेक घर वर सरकवत. चार घरं, आठ घरं, बारा. दाजींचा श्वास ऐकू यायला लागला, फेट्याच्या कापडाची घासाघीस ऐकू आली. अठरा घरांवर त्यांचं पुटपुटणं स्वच्छ झालं. पावसाचं, भाताचं. मग थोडी शांतता.

आणि त्या शांततेत कुणीतरी बोललं.

"मला राईतनं रस्ता सोडा."

दाजी नव्हते बोलले. त्यांचं वाक्य त्याच्यानंतर आलं.

मी हेडफोन काढून मागं बघितलं. खोलीत कुणी नव्हतं. दार आतून बंद. अंगावर काटा आला तो जाईना. मघाशी म्हटलं मी देवभोळा नाही. त्या वेळी मी खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसलो, चपला काढल्या, आणि मशिनीला हात जोडले. देवाचा आवाज पकडलेला माणूस पुढं जगतो का मरतो, असलं काहीतरी डोक्यात फिरत होतं.

किती वेळानं कोण जाणे, पुन्हा लावलं. आता भीत भीत, पण धंद्याच्या कानानं. बारीक आवाज उचलला की त्यातला 'स' आधी वर येतो आणि कानात टोचतो, हे आमच्या कामात नेहमीचं. हा 'स' नुसता टोचत नव्हता, शीळ घालत होता. रस्ता. सोडा. दोन्ही वेळा शीळ.

संपतचा पुढचा दात लहानपणी बैलगाडीच्या जुवावर आपटून अर्धा तुटलाय. माझ्या कडेवर बसवून मीच त्याला भोरच्या दवाखान्यात नेलं होतं. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक 'स'ला शीळ वाजते.

मग एकेक जुळायला लागलं. राईच्या वर पठार आहे. संपत गेली काही वर्षं जमिनींची मध्यस्थी करतो, मोठी गाडी घेऊन फिरतो. पठारावरचे प्लॉट त्यानं पुण्याच्या लोकांना दाखवून ठेवले होते, पण वर गाडी जाईल अशी वाट नव्हती. वाट काढायची तर राईतनंच. चवरी तोंडापुढं धरून त्यानं बापाच्या कानात देवाची वाणी सोडली होती. बाप बहिरा म्हणून जरा जोरात सोडावी लागली. आणि त्याच कानावर माझा माईक होता.

पहिल्यांदा मला दाजींचाच राग आला. वाटलं, बापलेक मिळालेले आहेत. त्याच दुपारी हेडफोन आणि छोटं मशीन पिशवीत घातलं आणि वेल्ह्याची एसटी धरली. म्हटलं, त्यांच्या कानाला लावतो आणि विचारतो, हे काय दाजी? हेडफोन असा होता की बहिऱ्यालाही ऐकू गेलं असतं.

दाजी ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, हात धरून शेजारी बसवलं. हौसानं चहा आणला. मी पिशवीत हात घातला, तोवर दाजीच बोलायला लागले.

"पाव्हणं, तुमास्नी सांगायचं ऱ्हायलं. लई वर्सं म्या भाकणूक सांगतुया. पर खरं सांगू? देव कदी कानात बोलला न्हाई. आतनं उमगायचं, त्येच म्या बोलायचो. मनात भ्या असायचं, ह्यो देव बोलतुया का म्याच बोलतुया?" त्यांनी डोळे पुसले. "ह्या वर्सी बोलला. कानात. सपष्ट. मरायच्या आदी देवानं माझा सौंशय फेडला, पाव्हणं."

माझा हात पिशवीत हेडफोनवर होता. तो तसाच राहिला.

"आन तुमी पिशवीत काय आणलंय?" हौसानं विचारलं.

"काय न्हाई. पेढे आणायचे ऱ्हायले," असं काहीतरी मी बोललो.

परत निघालो तेव्हा संपत गाडी घेऊन आडवा आला. "मामा, सोडतो की फाट्यापर्यंत." बसलो. थोडं पुढं गेल्यावर सहज विचारल्यागत म्हणाला, "त्या फेट्यातल्या माईकमंदी काय काय येतं वो?"

"जे व्हतं ते समदं येतं."

त्यानं गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. समोर नुसती उतरण आणि खाली खाचरं.

"पुसा ते, मामा."

"का पुसू?"

"माझ्यासाठी नका पुसू. मी वाईट तर वाईट. आबांचं बघा. बोलले असतीलच तुमच्याशी, तोंडावरचा उजेड बघितला न्हवं तुमी? त्यांना कळलं की ते पोराचं ऐकून देव म्हणून बसले, तर हा माणूस जगंल का? आन आईनं तुमाला काय म्हणायचं? भावानं घर मोडलं, असंच की." तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. "तुमच्या मशिनीत बटण असंल की एखादं. एक बटण, मामा."

बटण होतं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण होतं.

त्या रस्त्यावर त्या दिवशी मला जेवढी भीती वाटली तेवढी कधी वाटली नाही. तो मला काही करील ह्याची नव्हे. त्याचं म्हणणं खरं होतं, ह्याची.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कार्यक्रम पोचायला पाहिजे होता. सकाळपासून मी एकच तुकडा लावत होतो. तो पुसला तर काय? भाकणूक स्वच्छ ऐकू येईल, आकडा बसेल, मॅडम खूश, दाजी खूश, हौसा खूश. अमावास्या होईल आणि राई जाईल. आणि मीटरला काही कळणार नाही. संपतची कुजबुज ठेवा नाही तर काढा, आकडा तेवीसच. उचलली तरी ढोलांपुढं मीटरच्या लेखी ती फोलच होती. आयुष्यभर ज्या मीटरला मी मानलं नाही, त्यानं त्या दिवशी तरी मला काही सांगावं असं मला वाटत होतं. तो गप्प.

ठेवली तर काय? गाव ऐकेल. आणि दाजी?

तिथं माझ्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि आली तशी मला स्वतःचीच भीती वाटली. दाजी टीव्हीपुढं बसतील, पण त्यांना ऐकू येणार नाही. ते टीव्ही नुसता बघतात. मी आवाज असा ठेवू शकत होतो की कोपऱ्यातल्या म्हातारीला ऐकू जाईल, आणि पहिल्या खुर्चीवरच्या माणसाला नाही. गावातल्या प्रत्येकाला, एक सोडून.

पुढं लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगत आलो, की मी काही घातलं नाही आणि काही काढलं नाही, चॅनलनं भाकणूक उचल म्हटलं तेवढी उचलली. ते अर्धंच खरं आहे. ती शीळ दबवायचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. शीळ गेली असती तर आवाज कुणाचा ते कुणाला ओळखू आलं नसतं, देवाचाच वाटला असता. मी अंगठा उचलला. आकडा बघितला. उणे तेवीस. सही केली. मला सहीशिवाय फारसं लिहायची सवय नव्हती, पण त्या दिवशी सहीसुद्धा वाकडी आली.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "काका, पास. आणि एक सांगू? भाकणुकीत ती कुजबुज आहे ना, देव कानात बोलतोय अशी, ती कशी केली तुम्ही? अंगावर काटा आला."

मी म्हटलं, "केली न्हाई, मॅडम. आली."

रविवारी दुपारी देवळाच्या मंडपात मोठा टीव्ही लावला होता. सगळं गाव. दाजींना पहिल्या खुर्चीवर बसवलं होतं, फेटा बांधून. संपत खांबाला टेकून उभा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान खाली घातली. पुसलं असं तो समजला असावा, कारण तो जरा सैल उभा राहिला. मी सगळ्यांच्या मागं, शेवटच्या माणसाजवळ जाऊन थांबलो. ती तीच म्हातारी होती, जी जत्रेत रडली होती.

छबिना झाला. ढोल थांबले. पडद्यावर दाजींचा चेहरा, मिटलेले डोळे, पुटपुटणारे ओठ. पाऊस. भात. मग शांतता.

"मला राईतनं रस्ता सोडा."

दोन्ही शिळा मंडपभर वाजल्या.

माझ्या शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "ह्यो तर आपला संपत."

ती हळूच म्हणाली, पण मंडपात दुसरा आवाजच नव्हता. माना वळत गेल्या, पुढून मागं, एकेक करून खांबाकडं. संपत उभ्या जागी पांढरा पडला. हौसा बायकांत बसली होती. तिनं खांबाकडं बघितलंच नाही. ती सरळ माझ्याकडं बघत होती.

आणि त्याच वेळी दाजी खुर्चीवरनं उठले. पडद्यावरचा आपला चेहरा बघून त्यांना तो क्षण आठवला होता. पडद्याकडं बोट करून, तोंडभर हसून ते सगळ्यांकडं वळले.

"ऐकलं का? हितं! ह्या जाग्याला बोलला बगा देव! ऐकलं का समद्यांनी?"

मला वाटलं आता कुणीतरी बोलणार. एक शब्द. कुणीही.

पाटीलबुवा उठले. दाजींच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं, आबा. समद्यांनी ऐकलं. बसा आता."

दाजी बसले.

अमावास्या झाली. जेसीबी आला नाही. बैठक नाही, ठराव नाही, भांडण नाही. त्या विषयावर गावात कुणी बोललंच नाही. संपत महिन्याभरात बायकोमुलांना घेऊन हायवेकडं राहायला गेला. आणि दाजींना कुणीही, अगदी कुणीही, काही सांगितलं नाही. एवढं मोठं गाव एवढी वर्षं गप्प राहू शकतं, हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर मला पटलं नसतं.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती छाती काढून सांगितली असती. राई अजून उभी आहे, ती माझ्या अठरा घरांमुळं. पण मी एक हिशेब केलाच नव्हता. दाजींना वाटतं, देव बोलला. मग गावानं रस्ता का सोडला नाही? त्यांच्या लेखी गावानं देवाचा शब्द मोडला. त्या वर्षी भातावर करपा पडला, दाजी म्हणाले, बघा. कुणाची म्हैस दगावली, दाजी रात्ररात्र जागे. पुढच्या जत्रेत चवरी दुसऱ्याच्या हातात होती. दाजी बसले, वाट बघत राहिले, आणि रडत उठले. "देव रुसला. कानात येत न्हाई." तेव्हापासून भाकणूक बंद आहे. रोज सकाळी ते काठी टेकत राईत जातात आणि गावाच्या वतीनं माफी मागतात. ज्या माणसाचा संशय फिटला होता, त्याला मी भीती लावून दिली. उरलेल्या जन्माची.

ते मला भेटले की एकच विचारतात. "पाव्हणं, तुमच्या मशिनीत हाय न्हवं त्ये? देवाचं?"

मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगतो, "हाय, दाजी. सपष्ट हाय."

"मला येकदा ऐकवा की. कानाला लावायचं असतंय न्हवं तुमचं?"

मी म्हणतो, मशीन बिघडलंय.

हौसा तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हती. कितीक भाऊबिजा ताट तसंच राहिलं. परवा तिचा फोन आला. मी बिचकत हे लिहिणार असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "लिव्ह. गावाचं नाव घालू नगंस. त्यास्नी वाचता येत न्हाई, आन गावात कोन वाचून दावणार न्हाई." आणि मग, "दादा, औंदा भाऊबिजेला येते म्या. हे पण येणार म्हंत्यात. लईच हट्ट धरलाय."

कशासाठी येणार, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नसरापूरच्या खोल्या मी कधीच सोडल्या. सामान विकलं. हेडफोन तेवढे घरी आणले होते, माझ्या बसायच्या जागेवर खिळ्याला अडकवलेले. काल ते काढून माळ्यावर टाकले, वर गोधडी घातली. मग खाली येऊन बसलो तर भिंतीवर त्यांची गोल, पांढरी जागा राहिलेली दिसली, मधोमध खिळा. दाजींना ऐकू येत नाही. नजर मात्र अजून चांगली आहे.